सुका कचरा सुकाच राहू द्या : घरच्या पुनर्चक्रीकरणाची सोपी घडी

आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून पत्र्याची एक शेड आहे. कचरा नेणाऱ्या ताई रोज साडेदहा-अकराच्या सुमारास तिथे सकाळभर गोळा केलेला कचरा निवडायला बसतात. काही वर्षांपूर्वी गॅसजोडणीची मूळ पावती चुकून कचऱ्यात गेली, ती शोधायला मी तिथे गेलो आणि पाऊण तास त्यांच्यासमोर बसून राहिलो. त्यांच्याभोवती एकेक ढीग वाढत होता : पुठ्ठा, वहीचा पांढरा कागद, वर्तमानपत्र, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, कडक प्लास्टिक, काच, पत्रा. हात इतके भराभर चालत होते की एखादी वस्तू कशावरून ओळखली हे विचारेपर्यंत पुढच्या चार निवडून झालेल्या असत. आमची पिशवी उघडल्यावर मात्र तो वेग मंदावला. अर्धवट संपलेला दह्याचा डबा आत उपडा झाला होता, दही आठवड्याभराच्या वर्तमानपत्रांत मुरले होते आणि चहाचा चोथा खोक्यांना चिकटला होता. “भिजलेला कागद दुकानदार घेत नाही, दादा,” एवढेच म्हणून त्यांनी तो गठ्ठा विकता न येणाऱ्या ढिगावर टाकला. पावती सापडली, तीही चोथ्याने माखलेली.

या लेखात जे सांगायचे आहे ते जवळजवळ सगळे त्या गठ्ठ्यात आले. कचऱ्याचे दहा प्रकार घरीच वेगळे करून सात-आठ रंगीत डबे मांडण्याची काहीच गरज नाही, कारण ते काम तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने करणारी माणसे पुढे बसलेली आहेत. आपल्याकडून त्यांना हवे असते ते एकच, की सुका म्हणून दिलेला कचरा खरोखर सुका असावा. हे साधण्यासाठी दिवसातली दोन-तीन मिनिटे पुरतात, पण ती योग्य क्षणी द्यावी लागतात. योग्य क्षण म्हणजे वस्तू हातातून सुटण्याआधीचा. एकदा डब्यात दही सांडले की नंतर तासभर खर्च करूनही कागद पूर्ववत होत नाही.

कचरा कोणाच्या हातात जातो

सुरुवातीलाच हे समजून घेतले तर पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली, जिने २००८ साली पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. या संस्थेच्या सदस्यांना घरटी मासिक शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातून जे विकले जाईल त्याचे पैसेही त्यांचेच असतात. म्हणजे आपण भिजवलेला एक किलो कागद ही कोणाच्या तरी त्या दिवसाच्या मिळकतीतली घट असते. मला स्वतःला पर्यावरणाच्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा हा हिशेब अधिक पटला, आणि सवय टिकली ती त्यामुळेच.

कचरावेचकाकडून माल भंगाराच्या दुकानात जातो, तिथे तो काट्यावर चढतो, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि शेवटी कारखान्यात पोहोचतो. प्लास्टिकचे तुकडे करून ते धुतात, वितळवतात आणि त्याचा दाणा पाडतात. त्या दाण्यातून बादल्या, पाइप, खुर्च्या अशा वस्तू पुन्हा घडतात, तर पाण्याच्या बाटल्यांपासून बहुतेक वेळा पॉलिएस्टरचा धागा निघतो. साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर माल हाताने, डोळ्याने आणि वासाने पारखला जातो, आणि घाण माल प्रत्येक ठिकाणी भाव गमावत जातो. ज्याला भावच राहिला नाही, तो डेपोत जातो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्या ऊरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत गेला, तिथल्या गावकऱ्यांनी त्या दुर्गंधीविरुद्ध आणि दूषित पाण्याविरुद्ध किती वेळा गाड्या अडवल्या, हे पुणेकरांना आठवत असेलच.

पहिली पायरी : आठवडाभर काहीच बदलू नका

नवा डबा आणण्याआधी आठवडाभर फक्त पाहावे. रोज रात्री कचऱ्याच्या डब्यात एकदा डोकावून आज काय गेले ते लक्षात ठेवावे. हवे तर फ्रिजवर एक कागद लावून त्यावर खुणा कराव्यात. प्रत्येक घराचा कचरा वेगळा असतो आणि उपाय त्या कचऱ्यावर ठरतो. आमच्या चौघांच्या घरात आठवड्याला चौदा दुधाच्या पिशव्या निघाल्या, ऑनलाइन मागवलेल्या सामानाची सहा खोकी निघाली आणि बिस्किटांची व फरसाणाची पाकिटे किती, हे इथे लिहिण्यासारखे नाही. काचेची बाटली मात्र एकच होती. काचेसाठी मी जो वेगळा डबा आणायला निघालो होतो, तो त्यामुळे वाचला.

ज्या दोन किंवा तीन वस्तू सर्वांत जास्त निघतात, त्यांची सोय आधी लावावी. बाकीच्यांकडे महिन्याभराने पाहिले तरी चालते.

दुसरी पायरी : डब्यांची जागा ठरवा

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक (सेल, सीएफएल बल्ब, मुदत संपलेली औषधे यांसारखा) असे कचऱ्याचे तीन भाग घरातच वेगळे करणे बंधनकारक केले, आणि सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून देण्यास सांगितले. नियम सगळ्यांना माहीत असतो. अडते ते जागेपाशी. माणूस भाजी चिरताना ज्या बाजूला हात सहज जाईल तिथेच टाकतो, आणि सुक्याचा डबा बाल्कनीत असेल तर स्वयंपाकघरातले रिकामे पाकीट ओल्याच्याच डब्यात पडणार. म्हणून ओल्याचा झाकणाचा डबा सिंकखाली आणि सुक्यासाठी एक मोठी कापडी किंवा गोणपाटाची पिशवी स्वयंपाकघराच्याच दाराच्या खुंटीला टांगावी. पिशवी टांगलेली असली की खाली सांडलेले पाणी तिला लागत नाही, फरशी पुसताना ती हलवावी लागत नाही आणि भरली की तशीच उचलून नेता येते. ओल्याच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी लावू नये. वर्तमानपत्राचे दुहेरी पान तळाशी अंथरले की पुरते. डबा रोज विसळावा लागतो हे खरे, पण खताच्या खड्ड्यात जाणाऱ्या ओल्या कचऱ्यातून प्लास्टिकची पिशवी हाताने फाडून काढणे कोणाच्या तरी वाट्याला येते, त्यापेक्षा हे सोपे आहे.

तिसरी जागा लहानशी लागते. बुटांचे एक रिकामे खोके कपाटावर ठेवून द्यावे. त्यात काय जाते ते पुढे येईलच.

तिसरी पायरी : दुधाच्या पिशवीपासून सुरुवात करा

माझ्या मते मराठी घरात ही सवय दुधाच्या पिशवीपासून सुरू करावी, कारण ती रोज येते, एकाच जातीच्या चांगल्या प्लास्टिकची असते आणि स्वच्छ असेल तर भंगारात तिला बऱ्यापैकी भाव मिळतो. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी आणली तेव्हाही दुधाच्या पिशव्यांना सूट दिली गेली, त्यामुळे त्या आपल्या घरात येतच राहणार आहेत.

कात्रीने पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण कापून वेगळा करू नये. थोडा चिकटलेलाच ठेवावा. नखाएवढा तो तुकडा खाली पडला की केरात जातो, केरातून मातीत किंवा गटारात जातो आणि तिथून तो कोणी वेचत नाही. दूध पातेल्यात ओतल्यावर पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून, हलवून ते पाणी पातेल्यातच सोडावे. आपल्या आया-आज्यांनी हे काटकसर म्हणून आयुष्यभर केले आहे. मग कापलेल्या बाजूने पिशवी पूर्ण उघडून, पाण्याखाली क्षणभर धरून ती ओट्यामागच्या टाइल्सवर थापटून लावावी. ओली पिशवी टाइलला चिकटून बसते आणि वाळली की दुपारपर्यंत आपोआप सुटून ओट्यावर पडते. ती पडली म्हणजे ती सुकली, वेगळे तपासावे लागत नाही. मग ती इतर पिशव्यांबरोबर एका पिशवीत कोंबावी. या सगळ्याला पंधरा-वीस सेकंद लागतात. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींना पहिल्या दिवशी टाइलवरच्या पिशव्या म्हणजे घाण वाटली आणि त्यांनी त्या काढून टाकल्या. कशासाठी आहेत ते सांगितल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्याच त्या लावू लागल्या.

चौथी पायरी : विसळा, पण बेताने

कचरा धुवायला पाणी घालवायचे का, हा प्रश्न रास्त आहे आणि ज्या गावात टँकर येतो तिथे तर तो बोचणारा आहे. वस्तू घासून लख्ख करण्याची आवश्यकता नाही. तिच्यातून खरकटे ओघळू नये आणि दोन दिवसांनी वास येऊ नये, एवढेच पुरेसे असते. त्यासाठी वेगळा नळ सोडू नये; भांडी घासून झाल्यावर बादलीत उरलेल्या पाण्यात दह्याचा डबा, सॉसची बाटली, टोमॅटो प्युरीचे खोके बुडवून काढावे आणि ओट्यावर उपडे घालावे.

तेलाची पिशवी मात्र पाण्याने साफ होत नाही. तिच्यासाठी जुनी युक्ती अशी की पिशवी चारी बाजूंनी कापून उघडावी आणि पोळ्यांसाठी परातीत घेतलेल्या कोरड्या पिठावर ती आतल्या बाजूने फिरवावी. पीठ तेल ओढून घेते, पिशवी कोरडी होते आणि कणकेला मोहन मिळते. तुपाच्या डब्यात वरणाचे गरम पाणी फिरवावे, लोणच्याच्या बरणीत थोडे ताक. चटणीच्या किंवा मेयोनीजच्या पिळून वापरायच्या पाकिटांवर मात्र वेळ दवडू नये, कारण ती बहुपदरी असतात आणि धुऊनही त्यांचे विशेष काही होत नाही. ती दुमडून, तोंड बंद करून सुक्यात टाकावीत, म्हणजे निदान इतर माल भिजत नाही.

पाचवी पायरी : हाताने ओळखायला शिका

सगळे सुके एकाच पिशवीत टाकले तरी चालते, असे वर म्हटले आहे आणि ते खरेच आहे. पण कशाचे काय होते हे कळले की खरेदी करतानाही हात थबकतो, म्हणून काही परीक्षा सांगतो.

चकचकीत पाकीट हातात घेऊन चुरगाळावे. चुरगाळलेलेच राहिले तर ते ॲल्युमिनियमचे पान आहे. हळूहळू उलगडून पूर्वीसारखे झाले तर ते धातूचा मुलामा दिलेले प्लास्टिक आहे. वेफर्स, बिस्किटे, शॅम्पूच्या पुड्या या दुसऱ्या प्रकारात येतात. त्यांचे पदर वेगळे करणे परवडत नाही, त्यामुळे ती फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळली जातात. ॲल्युमिनियमचे मात्र सोने होते म्हणायला हरकत नाही, कारण खनिजापासून नवे ॲल्युमिनियम करण्यापेक्षा जुने वितळवून घेण्यात सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. चपात्या गुंडाळलेले पान झटकून, पुसून, अनेक पानांचा मिळून मुठीएवढा गोळा करत जावे. सुटा लहान तुकडा निवडताना हरवतो, गोळा सापडतो.

कागद फाडून पाहावा. फाटलेल्या कडेला पातळ पारदर्शक पापुद्रा ताणला गेला तर तो प्लास्टिकचा थर दिलेला कागद आहे. मिठाईच्या खोक्यांचे चकचकीत वेष्टन, लग्नपत्रिका आणि चहाचे कागदी कप यांत हा थर असतो आणि कागद कारखान्यांना तो नको असतो. दुकानातल्या बिलावर नख ओढावे. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेने छापला जाणारा रसायन लावलेला कागद आहे. तो रद्दीत घालू नये. पिझ्झाच्या खोक्याचे तेलकट तळ आणि स्वच्छ झाकण कात्रीने वेगळे करावे आणि झाकणच पुठ्ठ्यात द्यावे. कागदाचा तंतू दर वेळी आखूड होत जातो आणि साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर तो निकामी होतो, म्हणून वहीच्या लांब तंतूंच्या पांढऱ्या कागदाला वर्तमानपत्रापेक्षा चांगला भाव येतो. जुन्या वह्यांचे पुठ्ठे आणि तारा सोडवून पाने एकत्र बांधली तर दुकानदार खुश होतो; तेवढा वेळ नसेल तर तशाच दिल्या तरी हरकत नाही.

प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणातला आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांचे प्लास्टिक, २ म्हणजे शॅम्पू-फिनाइलच्या जाड बाटल्यांचे, ४ म्हणजे मऊ पिशव्यांचे आणि ५ म्हणजे जेवण मागवल्यावर येणाऱ्या डब्यांचे. या चौघांना बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक असते. ३, ६ आणि ७ यांचे भवितव्य गावागणिक बदलते. बाटली पायाखाली चेपून वर झाकण घट्ट लावावे, म्हणजे ती पुन्हा फुगत नाही आणि एका गोणीत दुप्पट बाटल्या मावतात. झाकण वेगळ्या जातीचे असते, पण त्याची काळजी कारखान्यात घेतली जाते. तुकडे पाण्याच्या हौदात सोडले की बाटलीचे तुकडे बुडतात आणि झाकणाचे तरंगतात.

रसाची आणि टिकाऊ दुधाची चौकोनी खोकी कागदाची दिसतात, पण त्यांत साधारण तीन चतुर्थांश कागद, पाचवा हिस्सा प्लास्टिक आणि उरलेले ॲल्युमिनियम असते. त्यांचे चारही कोपरे उघडून ती सपाट करावीत आणि विसळून द्यावीत. ती गोळा करणारी मंडळी पुण्या-मुंबईत आहेत आणि त्यांपासून दाबून केलेले तक्ते निघतात.

काचेची बाटली शक्यतो अखंड द्यावी. फुटलेली काच वर्तमानपत्रात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर ठळक अक्षरांत ‘काच’ असे लिहून हातात द्यावी, पिशवीत मिसळून कधीही नाही. शेडमध्ये त्या दिवशी ताईंच्या अंगठ्यावर जी पट्टी होती ती कोणाच्या तरी फुटलेल्या पेल्याची होती. पाण्याचे पेले, आरसे आणि ओव्हनमध्ये चालणारी भांडी यांची काच बाटलीच्या काचेबरोबर वितळत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

थर्मोकोल हलके असते, जागा फार खाते आणि त्याला घेणारे थोडे. नव्या टीव्हीबरोबर आलेले ठोकळे तुकडे न करता तसेच द्यावेत. तुकडे केले की त्याचे पांढरे दाणे घरभर आणि नंतर नाल्यापर्यंत पसरतात.

सहावी पायरी : बुटांचे खोके आणि लाल ठिपका

कपाटावर ठेवलेल्या खोक्यात सेल, जुने चार्जर, बंद पडलेले इअरफोन, सीएफएल बल्ब, मुदत संपलेली औषधे आणि तुटका थर्मामीटर जातो. दाढीची पाती मात्र आधी एका पत्र्याच्या डबीत जमवावीत. हे खोके भरायला चार-सहा महिने लागतात, त्यामुळे यात रोजचा त्रास जवळजवळ नाहीच. सीएफएलमध्ये आणि जुन्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, म्हणून त्या न फुटता, नव्या दिव्याच्या खोक्यातच घालून ठेवाव्यात. मोबाइलचे आणि पॉवर बँकेचे लिथियम सेल चेपले गेले तर पेट घेतात. त्यांच्या धातूच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी आणि फुगलेला सेल घरात साठवू नये. केंद्र सरकारचे ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि जुन्या वस्तूंचे पुनर्चक्रीकरण घडवून आणण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली. नवा फोन किंवा फ्रिज घेताना दुकानदाराला जुना कुठे द्यायचा हे विचारायला संकोच वाटू देऊ नये.

सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्या पुडीवर लाल पेनाने मोठा ठिपका काढावा आणि ती पुडी वेगळी द्यावी. पुण्यात ‘स्वच्छ’च्या सदस्यांनी ही लाल ठिपक्याची मोहीम चालवली, कारण निवडताना न कळत उघडली जाणारी पुडी हा त्यांच्या कामातला सर्वांत किळसवाणा भाग असतो. बाथरूमच्या कपाटात जुनी वर्तमानपत्रे आणि दोरीला बांधलेला एक लाल स्केचपेन ठेवला, की घरातल्या मुलींना किंवा पाहुण्यांना काही सांगावे लागत नाही.

सातवी पायरी : रद्दी विकावी की द्यावी

हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे, पण त्यावर माझे एक मत आहे. वर्तमानपत्रांची रद्दी महिन्याकाठी रद्दीवाल्याला विकणे ही आपली जुनी आणि चांगली पद्धत आहे, जुनी पितळी भांडी मोडीत द्यावीत आणि साड्या बोहारणीला देऊन पातेले घ्यावे, हेही चांगलेच. मात्र पुठ्ठा, बाटल्या, पत्रा असे जे जे वजनाला विकले जाते ते सगळे आपण विकून घ्यायचे आणि दारात येणाऱ्या ताईंच्या हाती उरलेली वेफर्सची पाकिटे द्यायची, हे मला पटत नाही. न विकता येणारा कचरा त्या आपल्यासाठी उचलतात तो विकाऊ कचऱ्याच्या भरवशावर. आमच्या घरी वर्तमानपत्र विकले जाते आणि बाकी सगळे त्यांना दिले जाते. कोणी वेगळा निर्णय घेतला तर त्यात चूक काही नाही, पण तो विचार करून घेतलेला असावा.

‘शेवटी सगळे एकाच गाडीत टाकतात’

नवशिक्याचा उत्साह मोडणारे हे वाक्य आहे, आणि ते नेहमीच खोटे नसते. आमच्या आधीच्या सोसायटीत सफाईचा ठेका असलेली माणसे आम्ही वेगळे दिलेले दोन्ही डबे जिन्याखालच्या एकाच पिंपात रिकामे करत आणि आम्हाला ते वर्षभर कळले नाही. तक्रार करण्याआधी त्यांच्याशी बोलल्यावर कारण समजले : पिंपे दोनच होती आणि दुसऱ्यात झाडलोटीचा पाला भरलेला असे. सोसायटीने आणखी एक पिंप घेतले, सुका कचरा रोज न घेता मंगळवारी आणि शनिवारीच घ्यायचे ठरवले आणि प्रश्न जवळपास मिटला. सुका कचरा वास मारत नाही, म्हणून तो तीन-चार दिवस घरात राहू शकतो. वार ठरवल्याने मिसळण्याची संधीच उरत नाही. तेव्हा हे वाक्य ऐकले की एकदा सकाळी खाली उतरून कचऱ्यामागे जाऊन पाहावे. गावपातळीवर काय होऊ शकते याचे उदाहरण सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला आहे. तिथल्या नगर परिषदेने लोकांना कचरा वेगळा द्यायला लावला, त्याचे पुढे अनेक प्रकार करून विकले, निरुपयोगी प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात वापरले आणि जुन्या डेपोच्या जागी लोक पाहायला येतील असे ‘कचरा पार्क’ उभे केले.

पावसाळ्यासाठी वेगळे

जून ते सप्टेंबर या काळात वर सांगितलेली घडी विस्कटते, म्हणून आधीच तयारी ठेवावी. टाइलवरची दुधाची पिशवी दमट हवेत संध्याकाळपर्यंत सुटत नाही आणि मग तिला आंबूस वास येऊ लागतो. त्या दिवसांत ती फडक्याने पुसून खिडकीतल्या दोरीला चिमट्याने लावावी. बाल्कनीतले पुठ्ठे पलंगाखाली हलवावेत, कारण पुठ्ठा हवेतली ओल शोषून घेतो. रद्दी महिनाभर साठवण्याऐवजी पंधरवड्याला द्यावी. आणि कचरा जिन्यात ठेवत असाल तर सुक्याच्या पिशवीवर मोडकी छत्री किंवा जुना रेनकोट टाकावा. आमच्या मजल्यावर गेल्या श्रावणापासून एक फाटका निळा रेनकोट याच कामावर आहे. रेनकोट म्हणून त्याचा उपयोग संपला होता, पण पुठ्ठ्यावर तो अजून गळत नाही.